कुठला हात

किती कान टोचले असतील मी
साखळीच्या बाजारातल्या या एवढ्याशा दुकानात.
आईच्या मांडीवर बारा दिवसांचं बाळ,
आणि तार कानाला लागायच्या आधीच मी म्हणायचो,
"झालं, झालं!"
लोक हसायचे. बाळ रडायचं.
एवढं खोटं आमच्या मजुरीतच धरलेलं,
पावतीवर न लिहिता.

घरीही तेच.
शाल्मलीनं पेजेचा वाडगा ढकलला की म्हणायचो,
"थांब, सिस्टरला सांगतो मोठी सुई आणायला."
पेज संपायची.
सुई तेवढी तिच्या पोटात राहून जायची.

ती सोमवारी बाहेर आली, आरोग्य केंद्रात.
पाच दिवसांचा ताप, रक्त तपासायचं,
आणि पोर बाकाच्या पायाला विळखा घालून बसलेली.
ज्याच्या शब्दावर लोक तोळा तोळा ठेवून जातात
तो मी, सगळ्यांदेखत घामाघूम,
"दुखणार नाही गं, अजिबात दुखणार नाही,
शूर मुली कधी रडतात का?"

सिस्टर एस्पेरांस पडद्यामागून आली.
"शेट, तुम्ही जरा गप्प."
रागावली नव्हती. हळूच म्हणाली,
"दुखणार नाही म्हणता,
त्यातलं 'दुखणार' तेवढं ऐकतात पोरं."

मग फरशीवर बसली. गुडघा कटकन वाजला.
"बाय, थोडं रक्त हवंय, चमचाभर.
आधी कापूस, तो थंड लागेल.
मग एक चिमटा,
काजूखाली लाल मुंगी चावते ना, तसा.
पाच फुंकरी घालशील तोवर संपेल.
रडू आलं तर रड,
हात तेवढा झोपलेला ठेव.
आता सांग, कुठला हात?"

कुठला हात!
सहा वर्षांत आम्ही तिला
फ्रॉकचा रंगसुद्धा विचारला नव्हता.
तिनं दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले.
"डावा. उजव्यानं मी लिहिते."
"खुर्चीत बसतेस की बाबांच्या मांडीवर?"
ती माझ्याकडे बघत राहिली.
कोर्टात उभं राहावं तसा मी उभा.
"मांडीवर."
"आणि फुंकर कशावर घालणार?"
"पेजेवर," शाल्मली म्हणाली. "गरम आहे."

पहिली फुंकर. दुसरी.
तिसरीला तिचा खांदा माझ्या छातीत रुतला,
"आई गं" निघालं, गालावर पाणी आलं.
मी तोंड उघडणार होतो.
सिस्टरनं नुसतं पाहिलं.
चौथी फुंकर थरथरत, पण लांब.
पाचवी उरली, ती तिनं कापसावर घातली.

"दुखलं," ती म्हणाली.
"दुखलंच," सिस्टर म्हणाली,
"आणि हात तू हलवला नाहीस."
नळीवर नाव लिहिलं, पुढच्या पोराला हाक मारली.

गुरुवारी पर्येहून एक बाई आली,
चार वर्षांचा मुलगा, कान टोचायचे राहून गेलेले.
"काही नाही होत रे," ती त्याला सांगत होती,
"मामा नुसतं बघणार."
तार तापवून, निववून मी हातात घेतली.
'झालं, झालं' सवयीनं ओठांवर आलं होतं.
गिळलं.
स्टूल बाजूला सारून खाली बसलो.
"टोचणार आहे मी. चिमट्याएवढं. दोनदा.
आधी कुठला कान?"

त्यानं खूप वेळ घेतला.
एक कान चाचपला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
बाई म्हणाली, "शेट, माझी बस जाईल."

मी बसून राहिलो.