पातळ कागद

मॅसिडोनियाची आघाडी, सप्टेंबर १९१८

वरून कागद आला: सैनिकांचे मनोधैर्य उंचवावे,
हा हुकूम रोज सायंकाळी मोठ्याने वाचावा.
कॅप्टन त्सोलोव्हनं वाचला, भरभर,
दुसऱ्याचं पत्र वाचावं तसा.
आम्ही कागद बघत होतो.
पातळ होता. तंबाखूला असाच लागतो.

त्याला ते ठाऊक होतं.
घडी घालून, नखानं दाबून
त्यानं पट्ट्या फाडल्या, हातोहात वाटल्या.
शिक्क्याचा तुकडा गेन्चोला.
स्वतःला एकही नाही. म्हणे, खोकला आहे.

बुटांना तळ नव्हते,
मक्याची भाकरी विटेसारखी,
आणि अवसान म्हणाल तर उसनं:
आज वेल्कोकडे, उद्या माझ्याकडे.
फेडायची घाई कुणालाच नव्हती.

मग डावीकडची पलटण उठून चालू लागली.
कुणी हाकललं नव्हतं.
म्हणाले, घरी द्राक्षं उतरवायची आहेत.
कर्नल आधीच गेला होता, मोटारीतून,
कुत्र्यासकट.

रात्री आम्हीही बोचकी बांधली.
कॅप्टन वाटेत उभा. पिस्तूल कमरेलाच.
एवढंच विचारलं, पाणी भरून घेतलंत?
पुढची विहीर नासलीय.
मग पाठीवर हात ठेवत एकेकाला मोजलं.
सत्तेचाळीस.
पुन्हा मोजलं.

उजाडताना उतारावर मागं पाहिलं,
तर तो येत होता शेवटून,
गेन्चोनं फेकलेली बंदूक खांद्यावर.
तोंडातून शब्द नाही.
तरी आमची पावलं, कोण जाणे का,
एका ठेक्यात पडू लागली,

तेव्हा वेल्कोनं शिवी हासडली
आणि मुद्दाम पाय चुकवला.