दुरुस्ती

दुसऱ्या वर्षाचा वर्ग, अकरा मुलं,
सकाळच्या फेरीबोटीनं चोडणला उतरवली.
वहीत फक्त तारीख लिहून आणा, असं बजावलेलं.
त्यापुढे घरूनच काही लिहिलं
तर ती बातमी नव्हे,
बांधून आणलेला डबा.

पहिला तास कुणी काही विचारायचं नाही.
आल्रिचला ते जमेना. चहाच्या गाड्यावर
दिसेल त्याला, "तुम्हाला काय वाटतं?"
एक गिऱ्हाईक म्हणालं, "साखर कमी वाटते."
सोमवारी हे फळ्यावर लिहीन म्हणतो.

बिंदिया वेळीप काणकोणच्या डोंगरातली.
भात तिला ठाऊक,
खाऱ्या नदीच्या पोटात बांध घालून पिकवलेलं नाही.
ती पियेदादबाईंच्या पायरीवर टेकली,
न सांगता सुंगटं सोलायला लागली,
आणि म्हातारी बऱ्याच वेळानं,
सुंगटांनाच सांगावं तसं, म्हणाली:
"आमची मानस मोडली, बाय. तीन पुनवो जाल्यो."

संध्याकाळी मजकूर माझ्या टेबलावर:
'वृद्ध महिला तीन महिन्यांपासून
मानसिकदृष्ट्या खचली.'
एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही.
मथळासुद्धा होईल.
मी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
म्हटलं, जा, त्यांनाच वाचून दाखव.
छापायच्या आधी ज्याचं त्याला ऐकवायचं
एवढंच मला शिकवता येतं.
उरलेलं पुस्तकात आहे, आणि परीक्षेलाही तेच येतं.

म्हातारी हसली म्हणे, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
मग मनगट धरून तिला बांधावर नेलं.
ही बघ, ही मानस.
भरती ढकलते तेव्हा मिटणारी,
ओहोटीला आपसूक उघडणारी लाकडी दारं.
एक फळी कुजून गेलेली, दुसरी लोंबकळत.
नदी सरळ आत येत होती
कुळांना, कोमुनिदादीला, कुणालाच न विचारता,
आणि शेतात, भाताच्या जागी,
खारफुटीची बोटभर रोपं.

बिंदियानं फळ्या मोजल्या. पाणी जिभेला लावून पाहिलं.
हे मी सांगितलं नव्हतं.
मग तिनं तो प्रश्न विचारला
जो मला एकवीस वर्षांच्या नोकरीत
वेळेवर कधी सुचला नाही:
"मग एवढी सुंगटं येतात कुठून?"

मोडक्या दारातून. रात्री, जाळं लावून.
"पावणी म्हज्या आगुश्तीनान घेतल्या."
लिलाव धाकट्या लेकाचा.
दार दुरुस्त झालं तर शेत वाचेल,
मोडकं राहिलं तर जाळं भरेल,
आणि जेवायला दोघं एकाच टेबलावर बसतात.
नंतर म्हातारी काही बोलली नाही.
लिही म्हणाली नाही, लिहू नको म्हणाली नाही.
निघताना पिशवीत शेरभर सुंगटं घातली,
वरून बर्फ.

ती पिशवी घेऊन बिंदिया माझ्या दारात उभी.
"सर, ही घ्यायची नव्हती का?"
मी मान्यवरांच्या बातम्या केल्या, उद्घाटनांच्या केल्या,
दुपारची जेवणं जेवलो, पाकिटं परत केली
(बहुतेक),
आणि एका पुराच्या वर्षी, बांधावर न उतरता,
बूट भिजतील म्हणून,
गाडीतूनच लिहून दिलं: 'जीवितहानी नाही.'
तो बांध हाच होता की दुसरा, आठवत नाही.
आठवत नाही हेच खरं तर लिहायला हवं.

तिला मात्र म्हणालो, बस.
पहिलं वाक्य काय करशील?
ती वहीकडे पाहत राहिली.
पानावर फक्त तारीख,
आणि पिशवीतलं पाणी
जिन्यावरून एकेक पायरी
खाली चाललेलं.