वाकडं नाक

वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यामागे
लुमा तारी राहतो. दारावर नाव नाही.
एक चषक होता; त्यात बायको
गळाचे आकडे ठेवते.

पण जत्रेला दरसाल आरोंद्याहून
पास्कू डिसोझा येतो, वाकडं नाक घेऊन,
आणि पोरांना म्हणतो, बोट लावून बघा,
हे हाड लुमाने हलवलं.

बंदरावर फळ्या टाकून केलेली ती रिंग,
पेट्रोमॅक्सभोवती पाखरं.
पास्कूच्या तोंडी गर्दी वाढत जाते:
गेल्या साली दोन हजार होती,
यंदा गलबतं नांगरून खलाशीसुद्धा
डोलकाठीवर चढलेत.
आणि सातव्या फेरीत, म्हणतो,
वीज पडावी तसा...

लुमा जाळं सांधतोय. मान वर करत नाही.
"दुसरी फेरी. आणि तू घसारलंस.
फळी वली होती."

पोरं हसतात. पास्कूही.
जिंकलेले पुष्कळ पाहिले मी;
ते आपलं आपणच सांगत फिरतात.
पास्कू नाक चाचपतो, जरा दुखावल्यासारखा,
विडी विझवतो,
आणि पुन्हा सुरू करतो
पहिल्या घंटेपासून.