शेजारच्या दातासारखा

बेळगावात शिकताना माझ्याकडं साठ चकत्या होत्या,
शर्टाच्या बटणाएवढ्या,
दात बुजवायच्या मसाल्याच्या,
निळ्या उजेडात कडक केलेल्या.
पंधरा चहात, पंधरा हळदीच्या पाण्यात,
पंधरा कृत्रिम लाळेत
आणि पंधरा मशेरीच्या काढ्यात.
हे शेवटचं खूळ माझं.
हुक्केरी मॅडम म्हणाल्या, मशेरी? संदर्भ कुठून आणशील?
म्हटलं, निपाणीहून.

सदतीस अंशांवर, उबेच्या पेटीत, अठ्ठावीस दिवस.
रोज सकाळी काढा बदलायचा.
बाकीच्या मुली नाकाला ओढणी लावून जायच्या,
मला त्या वासानं आमच्या गल्लीतली पहाट दिसायची:
तव्यावर करपणारी तंबाखू,
उंबऱ्यात बसलेल्या बायका, तर्जनी काळी,
बोलणं बंद, नुसते हुंकार.
नळाला पाणी आलं तरी हुंकारच.

यंत्र रंग बघत नाही, अंतर मोजतं.
आधीचा आणि नंतरचा, दोघांत किती पडलं.
त्याला डेल्टा ई म्हणतात.
तीन पूर्णांक तीनपर्यंत डोळा चालवून घेतो,
पुढं गेलं की माणूस आरसा घेऊन परत येतो.
हळद सगळ्यात लांब गेली. मशेरी तिच्या मागं.
लाळेतल्या चकत्याही थोड्या बदलल्या होत्या,
त्यांना तर कुणी काहीच केलं नव्हतं.

आता दवाखाना माझा, अक्कोळ रस्त्याला.
पाटीवर वर कन्नड, खाली बारीक मराठी,
दोनदा रंगवून घेतली.
ऊन दोन्ही लिप्यांना सारखंच खातं.

हौसाक्का तोडकर. एकतीस वर्षं वखारीत, तंबाखू निवडायला.
धाकटीची सोयरीक ठरलेली, पाहुणे चिकोडीचे,
आणि समोरचा दात निम्मा तुटलेला.
मी शेडची पट्टी काढली, तिला दाराशी उजेडात नेलं,
म्हटलं ओठ वर कर.
"पांढराफेक नको गं डॉक्टरीण,
नव्या पत्र्यावानी दिसंल.
शेजारच्या दातासारखा कर."
शेजारचा दात सी-फोर. पट्टीवरचा सगळ्यात मळका.
ती ट्यूब मी तोवर उघडलीच नव्हती.
लावला. शोधून सापडेना.
त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

दीड वर्षानं आली. वखार बंद पडलेली.
मशेरी सुटली होती, नातीमुळं;
ती जवळच येईना, म्हणायची आज्जी वास.
संकेश्वरच्या शिबिरात दात घासून घेतले,
मग आणखी एकदा, कुठंतरी.
"बाकीचे सुधारले बघ," तिनं ओठ उचलला,
"ह्योच तेवढा वखारीत राहिला."

मी चकती फिरवली, आधी जाड, मग बारीक.
वरचा थर गेला. खाली तोच.
काही रंग तिनं मुरवला होता
आणि मुळातला तर मीच दिला होता, नाव-नंबर बघून.

"काढून नवा करू?"
"किती?"
"आठशे."
आरशात बघत राहिली. मग,
"त्योबी बदलंल?"
"बदलेल. चहा पितेस ना?"
"पिते की!" आणि हसली, तोंडावर हात ठेवून.
लपवण्यासारखं आता एकाच दाताचं होतं
पण हाताला अजून ते कळलं नव्हतं.

जुना काढला. भोक पाडलं, धुतलं, सुकवलं.
बी-टू, थोडा थोडा करून.
"डोळे मीट, वीस मोजेपर्यंत."
निळा दिवा तिच्या दातावर, माझे ओठ हलतायत,
आणि खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं
एकेक करून मिटतायत, उघडतायत.

दिवा विझला.
तोंड मिटता क्षणी म्हणाली, "इप्पत्त."
वखारीत गठ्ठे असेच मोजायचे.