ठराव क्रमांक अकरा

कन्नमवार नगरातल्या आमच्या ग्राहक भांडाराची
वार्षिक सभा. हजर त्रेसष्ट,
लाभांश नऊ टक्के, चिवड्याची पाकिटं कमी पडली.
इतिवृत्त मी लिहितो, हिशेबही माझ्याचकडे.

शेवटचा विषय: स्टूल.
सुलभा तांडेल उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या,
चिवडा वाटत.
"सव्वीस वर्षं तूरडाळ बांधतेय.
शंभराचा शेअर माझाही आहे,
मग मालकिणीला बसू द्या की."

हसले सगळे. मग कोणी हसेना.
बर्वेकाका म्हणाले, गिऱ्हाईक उभं
आणि काउंटरवरचं माणूस बसलेलं, बरं दिसत नाही.
"बरं दिसत नाही" मी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

मंजूर. विरोधात चार.

स्टूल आलं. आठशे चाळीस रुपये, फर्निचर खाती.
घसारा दरसाल दहा टक्के,
आणि तिथे पेन अडलं.
लाकडाच्या झिजेला रकाना आहे.
सुलभाताईंचे गुडघे
कुठल्या खात्यात टाकायचे?

पोटमाळ्यावरून खाली उतरलो, बघायला.
स्टुलावर नाझिया, सातवा महिना,
पाकिटांना लेबलं लावत.
सुलभाताई उभ्याच.
ओंजळीनं डाळ पिशवीत सोडली,
काट्यावर बरोबर पाचशे.
काट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही,
माझ्याकडे पाहिलं.

"एकच आणलंत होय?"

वर येऊन इतिवृत्त उघडलं.
माझंच अक्षर, सुवाच्य:
स्टूल.
एकवचन.