एक, दोन, चार, तीन

कुताइसीत, रिओनीच्या पुलापलीकडे,
लामाराच्या गॅरेजात ती व्होल्गा आली तेव्हा
तिचं लंगडणं कोपऱ्यावरूनच ऐकू येत होतं.
धड धड धड, आणि एक जागा रिकामी.
धड धड धड, आणि पुन्हा.

"पिस्टन गेला," एनवेर उतरायच्या आधीच म्हणाला,
"नाहीतर रिंगा. आणि उद्या पुतणीचं लग्न,
नवरी ह्याच गाडीतून जायची.
एकसष्ट सालची आहे, आजवर कधी..."
"इंजिन चालू राहू दे," लामारा म्हणाली. "तू बंद हो."

रबरी हातमोजा घालून तिने वायरी उपसल्या, एकेक.
पहिली काढली: इंजिन अडखळलं, खाली बसलं.
परत लावली: सावरलं.
दुसरी: तसंच.
चौथी: तसंच, वर बोनेटही थरथरलं.
तिसरी काढली.

काही नाही.
पंगतीतून कुणी उठून जावं
आणि वाढप्याला पत्ताही नसावा, तसं.

लामारा वायर हातात धरून जरा जास्तच वेळ उभी राहिली.
ट्रकच्या कारखान्यात बावीस वर्षं;
ज्या सोमवारी यादीतून तिचं नाव गेलं
त्या सोमवारीही भोंगा वेळेवर झाला होता.

"हाच मेलाय," एनवेर म्हणाला.
"चौकशी न करता कुणाला मेला म्हणू नये."

कॉम्प्रेशन पाहिलं: काटा सातावर, बाकीच्या तिघांइतकाच.
प्लग काढला, काळा, पेट्रोलने ओला;
पहिल्याच्या प्लगशी अदलाबदल केली.
दोष जागचा हलला नाही.
वायर बदलली. तरी नाही.
श्वास घेतोय, पेट्रोल पोचतंय.
मग वाटेत खातंय कोण?

"शटर ओढ. दिवा घालव."

काळोखात, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर
केसाएवढी भेग,
नख फिरवलं तरी लागू नये अशी,
आणि तिच्यातून एक निळा धागा
दर फेरीला लोखंडाकडे पळत होता,
तिसऱ्याच्या वाट्याचा.

एनवेर एकदाचा गप्प झाला.

नवी टोपी तिबिलिसीहून यायची, म्हणजे चार दिवस.
लामाराने भेग पात्याने खरवडली, स्पिरिटने पुसली,
वरच्या मजल्याकडे बघून सुनेला हाक मारली,
नेलपॉलिश मागितली.
"लाल आहे. चालेल?"
"ठिणगीला रंग कळत नाही."
दोन हात दिले. वाळेपर्यंत फुंकर घातली.

मग पहिल्याच किल्लीला:
एक, दोन, चार, तीन.
एक, दोन, चार, तीन.
बोनेटवर विसरलेल्या चहाच्या ग्लासात
बारीक गोल वळ्या उठत होत्या, सांडत काही नव्हतं.

पाकीट काढणाऱ्या एनवेरला ती म्हणाली,
"लग्न उरकलं की परत ये. हे औषध नाही, पट्टी आहे.
आणि त्याला पिस्टन पिस्टन म्हणून शिव्या दिल्यास ना,
जाताना दोन शब्द बरे बोल."

तिच्या अंगठ्यावर एक लाल थेंब राहिला होता.
रात्री भांडी घासताना तिने तो खरवडून पाहिला.
निघाला नाही.