चार किलो

मिथिलानं तिकीट काढलं होतं म्हणून गेले,
नाहीतर रविवारी दुपारी माझ्यापुढे
ब्लाउजांचा ढीग असतो.
पडद्यावर पोस्टातला एक कारकून,
वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं,
टपालाची थैली ठेवून पुन्हा धावायला लागतो.
गाणं सुरू होतं. गाणं संपेपर्यंत
पोट गेलं, पावसाळा गेला, थंडी गेली,
आणि त्याचा गुरू भरल्या गळ्यानं म्हणतो,
स्वतःवर श्रद्धा ठेव.

मला हसू आलं.
सव्वाचार मिनिटं. मी मोजली होती,
घड्याळजीची बायको आहे.

आम्हाला गाणं नव्हतं.
चिमणबागेत पहाटेचं धुकं,
मफलरमधून ओरडणारे पोतनीस सर:
खांदा विसर गं, फेक टाचेतून निघते!
गोळ्याचा गंज मानेला लागायचा,
आई म्हणायची, घासून आंघोळ कर,
पाहुणे यायचेत बघायला.
त्र्याऐंशी साली नऊ मीटर ऐंशी.
भोपाळला निवड होती मंगळवारी.
शनिवारी मिलनं बाबांना घरी बसवलं
आणि सोमवारी मी जेल रोडच्या दुकानात
काजंबटणं करायला बसले.
रडले वगैरे नाही. रडायला सुट्टी लागते.

गोळा माझ्याबरोबर सासरी आला,
पेटीच्या तळाशी, साड्यांखाली.
तोही संसाराला लागला.
लू सुटली की दार अडवून धरायचा,
लोणच्याच्या बरणीवर बसायचा.
पोरानं एकदा खडूनं त्याला डोळे काढले,
मिशा काढल्या,
महिनाभर त्याला सगळे मामा म्हणत होते.

मध्यंतरानंतर कारकून हरतो.
रात्री खोलीत एकटा बसून
जुन्या बुटांना पॉलिश करतो,
जायचं कुठेच नसताना.
तिथे संगीतही नव्हतं.
आणि मला खंडेनवमी आठवली.

पाटावर मांडलेलं असतं सगळं:
माझं मशीन, कात्र्या, ह्यांचे चिमटे, भिंग,
आणि कडेला गोळा.
हे त्याला मशीनचं तेल लावतात,
फडक्यानं पुसतात, कुंकू वाहतात.
वर ठेवलेलं झेंडूचं फूल घरंगळतं,
पुन्हा ठेवतात.
अडतीस वर्षं. तोंडातून अक्षर नाही.
मी समजत होते, लोखंड आहे म्हणून.

शेवट नीट दिसला नाही. जिंकला असणार.
मावशी, तू रडून राहिली काय?
म्हटलं, एसी फार आहे.

बुधवारी साडेपाचला चिमणबाग.
फिरायला आलेल्या बायका, क्रिकेटची पोरं,
थंडीनं वेटोळं झालेलं एक कुत्रं.
हे मागोमाग आले, स्वेटरवर स्वेटर,
हातात माझा शिवणाचा टेप.
पहिली फेक पायाशीच पडली.
दुसरीला कमरेनं शिव्या घातल्या.
तिसरीला टाच आठवली.

टेप दीडशे सेंटिमीटरचा.
ह्यांनी उकिडवं बसून तीनदा मांडला,
दर ठिकाणी काडी रोवली,
केसाएवढा काटा बसवताना धरतात तसा
श्वास धरून.
चौथ्यांदा ब्याण्णववर बोट टेकलं.
पाच बेचाळीस, म्हणाले,
जसं एखाद्याला वेळ सांगावी.

बॅट काखेत धरलेला पोरगा जवळ आला.
आंटी, पन्नाशीच्या वर तीन किलोचा असतो,
फेब्रुवारीत आहेत ना स्पर्धा, नेहरू स्टेडियमला.
मोबाईलवर दाखवलं त्यानं.
तीन किलो.
इतकी वर्षं मी एक किलो जास्तीचं
उचलत होते म्हणजे.

हे रुमालानं गोळ्याची माती पुसत होते.
तीनचा आणू, म्हणाले.
मग ह्याचं काय?
दार कोण धरणार, म्हणाले,
आणि पिशवीत घालून चालायला लागले,
एका बाजूला कलून.